आठवी पायरी कुणी गिळली

प्रिय नझीरभाई,

सलाम.

तुम्हाला जाऊन वर्ष होऊन गेलं आणि मी आत्ता लिहायला बसलेय. उशीर झाला, माहीत आहे. पण नुसतं "तुमची आठवण येते" एवढं सांगायला मला कागद कशाला हवा होता? ते तर शिळफाट्याच्या आपल्या ऑफिसात तुमच्या खुर्चीकडे बघून रोजच मनात येतं. आज सांगण्यासारखं काहीतरी हाती आहे, म्हणून बसले.

चूक तुमची नव्हती, नझीरभाई.

हे वाक्य मी गेल्या पंधरा दिवसांत चार ठिकाणी तोंडाने बोलून आलेय. आधी आपल्या साहेबांना, मग रसायनीच्या कारखान्यात, मग तिथल्या टाकीवरच्या बाळूदादांना आणि शेवटी झुबेदाभाभींना. पाचवे तुम्ही. खरं तर सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं. पण तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं! त्यावरून तर मला तुमच्याशी भांडायचंय. थांबा, येतेच तिकडे.

भाभींना समजावताना मात्र माझा घाम निघाला. अहो, एवढी वर्षं संसार केलात आणि आपण काय काम करतो हे घरी कधी सांगितलंच नाहीत? मी "पार्सर" म्हटल्यावर भाभी नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "ते मला सांगायचे, मी वाचायचं काम करतो. मला आपलं वाटायचं, ऑफिसात बसून पेपर वाचतात!"

मग मी त्यांच्या कर्जतच्या स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीशेजारी बसून सुरुवातीपासून सांगितलं. कारखान्यात टाकीत काय ओतायचं, किती तापवायचं, कधी थंड करायचं, याची एक कृती असते. भाभी, तुमच्या बिर्याणीची असते तशीच. ती ऑपरेटर आमच्या प्रोग्रॅममध्ये लिहितात, आम्ही बनवलेल्या साध्या मराठी शब्दांत. "पायरी" म्हटलं की काम सुरू, "संपली" म्हटलं की ते काम बंद. हे लिहिलेलं जो वाचतो, नीट लिहिलंय की नाही ते बघतो आणि मगच मशीनला पुढे सांगतो, तो पार्सर. तो नझीरभाईंनी लिहिला.

"आणि लिहिणारा चुकला तर?" भाभींनी लगेच विचारलं.

बघा! दोन मिनिटांत त्या तिथे पोचल्या, जिथे आपण दोघं तीन महिने भांडत होतो.

आठवतंय ना ते भांडण? मी नवीकोरी, कॉलेजातून आलेली, सगळं मलाच येतं अशा तोऱ्यात. माझं म्हणणं एकच: पहिली चूक दिसली की थांबायचं. लाल अक्षरात सांगायचं, "चूक आहे," आणि पुढचं एक अक्षर वाचायचं नाही. चुकलेल्याच्या पुढचं वाचून काय मिळणार? आणि तुम्ही शांतपणे चष्मा पुसत म्हणालात, "मनीषा, पेपर तपासणारा मास्तर पहिलं गणित चुकलं म्हणून पेपर तोंडावर फेकतो का गं? शेवटपर्यंत बघतो ना?"

"मास्तरला डोकं असतं, प्रोग्रॅमला नसतं," मी म्हटलं.

"मग आपलं थोडं देऊया त्याला," तुम्ही म्हणालात आणि खाली हाक मारून दोन चहा सांगितलेत. ही तुमची खोडच होती. मी आवाज चढवला की तुम्ही चहा सांगायचात. त्या तीन महिन्यांत मी किती चहा प्यायले, ते चहावाल्यालाच विचारा.

शेवटी तुम्ही केलंत तुम्हाला हवं तसं. चूक सापडली की तुमचा पार्सर ती टिपून ठेवायचा, मग पुढचा "संपली" शब्द येईपर्यंत सगळं सोडून द्यायचा आणि तिथून पुन्हा नीट वाचायला लागायचा. म्हणजे ऑपरेटरला त्याच्या सगळ्या चुका एकदम दिसायच्या, एकेका चुकीसाठी दहा हेलपाटे नाहीत.

पहिल्याच चाचणीला काय फजिती झाली होती! एक शब्द राहिला होता आणि पडद्यावर तीस लाल ओळी! कारखान्यातून बाळूदादांचा फोन: "ओ भाई, आमी काय एवढे आडाणी हाय काय? तीस चुका?" तुमचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. खरी चूक एकच होती, बाकीच्या एकोणतीस पार्सर स्वतःच गोंधळल्यामुळे दिसत होत्या.

त्यावर तुम्ही नियम घातलात. एक चूक सांगितली की गप्प बसायचं. पुढचे तीन शब्द नीट, बरोबर वाचून झाल्याशिवाय पुन्हा तोंड उघडायचं नाही. तीस ओळींच्या दोन झाल्या. माझ्याकडे बघून म्हणालात, "हा नियम माणसांनाही चालेल, काय?" मला झोंबलं होतं, पण मी दाखवलं नाही.

आणि ते "अवैध रचना" काढून तुम्ही "इथे काहीतरी राहिलंय, बघा" असं लिहिलंत. साहेब म्हणाले, हे काय घरगुती! तुम्ही म्हणालात, वाचणारा घरचाच आहे.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली होती, माझ्या नाही. चुका कुठेही होत नव्हत्या, पाळी बदलताना होत होत्या. सकाळच्या पाळीची शेवटची पायरी उघडीच राहायची, तिच्याखाली "संपली" नसायचं. रोज! दुपारी आलेला माणूस लाल ओळ बघून मग तो शब्द टाकायचा. तुम्ही म्हणायचात, "घरी जायच्या घाईत विसरत असतील. पण एवढे सगळे, रोज एकाच जागी विसरतात?" आपण दोघांनी जाऊन नुसतं विचारलं असतं तर! पण तेव्हा दुसरं काम निघालं आणि ते राहून गेलं.

अशी एक पायरी उघडी राहिली की तुमचा पार्सर पुढच्या "संपली"पर्यंत उडी मारायचा. मधे दुसऱ्या पाळीसाठी आधीच लिहून ठेवलेली पहिली पायरी असायची, ती अख्खी त्या उडीत जायची. हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं. मी त्यावरूनही बोलले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाऊ दे ना. ज्या कृतीत एक जरी चूक आहे, ती मी मशीनपर्यंत जाऊच देणार नाही. कुलूप लावलंय. चुकलेली कृती फक्त वाचायची, चालवायची नाही."

मग तो दिवस आला. भातकापणी चालू होती, मी सुट्टी घेऊन भिवपुरीला आमच्या शेतावर होते. साहेबांचा फोन आला तेव्हा हातात विळा होता.

टाकी उतू गेली होती. दुपारच्या पाळीला बाळूदादांनी दुसरा माल ओतला आणि आतलं उकळून झाकणातून बाहेर आलं. डावा हात कोपरापर्यंत भाजला. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडलाच नव्हता. तो उघडायची पायरी आठवी. आणि बाळूदादांसमोरच्या कृतीत ती पायरीच नव्हती.

चौकशीला तुम्ही एकटेच गेलात. कारखान्याच्या लोकांनी संगणकावरची फाइल दाखवली: सातवी पायरी उघडी, खाली लाल ओळ, आणि पार्सरने वाचलेल्यात आठवी गायब. त्यांनी एकच वाक्य लिहिलं, तुमच्या प्रोग्रॅमने पायरी गिळली. आणि तुम्ही म्हणालात, "पार्सर माझा आहे. चूक माझी." बस. एवढंच बोललात म्हणे.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, चार माणसांसमोर, तुम्हाला म्हणाले, "मी सांगत होते ना, पहिल्या चुकीला थांबा! ऐकलं असतंत तर त्या माणसाचा हात वाचला असता."

 तुम्ही कपातला चहा संपवलात, दोघांचे पैसे दिलेत आणि जिना चढून वर गेलात. नझीरभाई, ते वाक्य मी वर्षभर गिळायचा प्रयत्न करतेय, जमत नाही. आपलं बोलणं त्यानंतरही होत होतं, कामापुरतं. पण मी "चुकलं माझं" म्हटलं नाही. मला वाटत होतं, वेळ आहे.

दीड महिन्याने सकाळी भाभींचा फोन आला. चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत तुम्ही नव्हता. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी भाभींपाशी घरीच बसले. त्या एकच विचारत होत्या, "त्या हात भाजलेल्या माणसाची बददुवा लागली का गं आम्हाला?" मी नाही म्हटलं. पण मनातून मीही तुम्हालाच दोषी धरत होते, तर माझ्या "नाही"ला जोर कुठून येणार?

ऑफिसात पार्सर माझ्याकडे आला. मी पहिलं काम काय केलं असेल? तुमचा सगळा भाग काढून टाकला. पहिली चूक, की थांब. झालं माझ्या मनासारखं!

आणि काय झालं, सांगू? ऑपरेटर वैतागले. एक चूक दुरुस्त करा, पुन्हा वाचायला द्या, दुसरी निघते. ती करा, तिसरी. पंधरा ओळींच्या कृतीला अर्धा तास. मग त्यांनी साधा मार्ग काढला. नवीन लिहायचंच नाही, जुनी चाललेली कृती उघडायची आणि तीच चालवायची, माल बदलला असला तरी! हे मला मागाहून कळलं. तुमच्या पार्सरमुळे काय व्हायचं ते एकदा झालं होतं. माझ्यामुळे रोज होऊ शकलं असतं.

म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी नाक मुठीत धरून तुमच्या जुन्या प्रती काढल्या. आपल्याकडे प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, ते जपलेलं असतं ना. ठरवलं, तुमची उडी परत आणायची, फक्त ती पायरी गिळणार नाही अशी करायची. त्यासाठी आधी बघायला हवं होतं की त्या दिवशी नेमकं काय झालं. अपघाताच्या दिवशीची फाइल घेतली, त्याच दिवशीचा प्रोग्रॅम घेतला आणि म्हटलं, चालव.

नाही चालला.

पुन्हा केलं. "इथे काहीतरी राहिलंय, बघा." फाइल मशीनपर्यंत जाईचना. मी खटपट करून करून दमले. तुमचं कुलूप पक्कं होतं, नझीरभाई! उघडी पायरी असलेली ती कृती तुमच्या प्रोग्रॅममधून चालूच शकत नव्हती. मग बाळूदादांनी काय बघून काम केलं?

तेव्हा आठवलं. त्या दिवशी कंट्रोल पॅनेलच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. मशीन बंद, सगळं हाताने चाललं होतं, छापील पान समोर धरून. म्हणून तर ती लाल ओळ कुणी दुरुस्त केली नव्हती. चालवायचंच नाही तर कशाला करतील?

मी छापायचं बटण दाबलं. पान आलं. सुरेख, सरळ रेषेत, अकरा पायऱ्या, क्रमाने आकडे घातलेले. लाल काही नाही. आणि थंड पाण्याची पायरी नाही.

छापायचा भाग माझा होता.

ऑपरेटरने जे लिहिलं ते मी छापत नव्हते. पार्सरला जे समजलं तेवढंच छापत होते, कारण ते नीटनेटकं यायचं. वर आकडे मी माझे नव्याने घालत होते, सात, आठ, नऊ. त्यामुळे मधलं एक काम गायब आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि चुकलेली कृती छापू द्यायची की नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाही नव्हता. "छापायला काय हरकत?" असं मीच म्हटलं होतं.

  मग सहज, नुसतंच बघायला, तुमची सगळ्यांत शेवटची प्रत घेतली आणि तीच फाइल छापली. पान बरोबर आलं! ऑपरेटरने लिहिलेलं जसंच्या तसं, आठवी पायरी जागेवर, सातवीखाली ठळक सूचना. नोंद बघितली. बदल करणारे: तुम्ही. तारीख: अपघातानंतरचा पाचवा दिवस.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चौकशीत गेलात तेव्हा नसेल कदाचित, पण पाचव्या दिवशी होतं. त्यानंतर महिनाभर तुम्ही माझ्यासमोर बसत होता. मी तोंड फुगवून बसले होते आणि तुम्ही, माझी चूक दुरुस्त करून, तोंडातून ब्र काढत नव्हता!

असं कुणी करतं का? कोण सांगायला आलं होतं तुम्हाला मला पाठीशी घालायला? नवी पोरगी आहे, नोकरी जाईल, असं वाटलं? की त्या टपरीवरच्या बोलण्यानंतर मला खरं सांगणं तुमच्या जिवावर आलं? एकदा माझ्यावर ओरडला असतात तर काय बिघडलं असतं? मी रडले असते, भांडले असते, मग दोन चहा झाले असते. भाभींनी वर्षभर जे काढलं ते तरी वाचलं असतं. तुमचा मला राग आला, खूप आला. मग रडू आलं. आणि मग, खरं सांगते, छातीवरचं काहीतरी उतरलं. कारण मी ज्यांना इतकं मानत होते त्यांनी निष्काळजीपणा केला, हे मला वर्षभर सहन होत नव्हतं. स्वतःची चूक निदान माझ्या हातात होती, ती मला सांगता तरी येणार होती.

साहेब म्हणाले, "जाऊ दे गं, आता कशाला उकरतेस? प्रकरण मिटलंय. नझीरभाई तर गेले."

"म्हणूनच," मी म्हटलं. तुमचा तीन शब्दांचा नियम मोडून मी त्या दिवशी पुष्कळ बोलले. साहेबांनी दुसऱ्या दिवशी कारखान्याला लेखी कळवलं, माझ्या नावासकट. नोकरी राहिली, काळजी करू नका.

बाळूदादांना मी कारखान्यातच भेटले. हात बरा आहे त्यांचा. कातडी ताणल्यासारखी दिसते, पण बोटं सगळी चालतात, पिशवी उचलतात. मी सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत मिश्या कुरवाळत होते. मग म्हणाले, "आगं, पान तुझं असंल, पण व्हॉल्व्ह माझा हाय ना? वीस वर्सं मी त्या टाकीवर हाय. पाणी चालू केल्याबिगर दुसरा माल वतायचा नाय, हे माज्या हाताला ठावं पायजे व्हतं. मीबी पानावर इसंबून रायलो."

"पण दादा, तुमी पाळी सुटताना 'संपली' का लिवत नाय?" मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

ते माझ्याकडे बघतच राहिले, मी काही भलतंच विचारल्यासारखं. "पाळी सुटताना? संपली लिवून घरी कसं जायाचं गं? शेवटचा शब्द तो लिवायचा आणि मग गाडीवर बसायचं? नाय बाबा. आमच्याकडं कुणीच नाय लिवत. आदी वही व्हती, तीत नवा आलेला मानूस जुन्याची पायरी बंद करायचा, सही करायचा, मंग आपलं काम चालू. म्हंजे काम त्याच्या हातात आलं. तुमच्या कॉम्प्युटरमदी सहीला जागाच नाय!"

नझीरभाई, मी कपाळावर हात मारला! माझी आई घरात तांदूळ "संपले" कधी म्हणत नाही, "तांदूळ भरायला झालेत" म्हणते. नारळ आम्ही फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली म्हणत नाही. आणि अशा घरात वाढलेल्या मी तो शब्द निवडला! तुम्ही तर म्हणाला होतात, "तू गावची, शब्द तू काढ." तुम्ही विश्वासाने सोडलंत आणि मी पुस्तकातून शब्द उचलून आणला. रोज एकाच जागी ते विसरत नव्हते, नझीरभाई. मुद्दाम सोडत होते.

आता तो शब्दच काढून टाकलाय. नवीन "पायरी" सुरू झाली की जुनी आपोआप बंद होते. पाळी बदलली की नवा माणूस आपलं नाव घालतो, तेव्हाच काम त्याच्या हातात येतं. चूक सापडली की पार्सर पुढच्या "पायरी"पाशी जाऊन उभा राहतो, मधलं काही गिळत नाही. छापील पान तुमच्या शेवटच्या प्रतीसारखं. आणि कुलूप? त्याला मी हात लावलेला नाही. बाळूदादांनी परवा मुद्दाम तीन चुका करून कृती लिहिली. तीनच लाल ओळी आल्या, तीनही बरोबर जागी. मला फोन करून म्हणाले, "भाई परत आल्यासारखं वाटलं गं." 

राहिल्या भाभी. तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही दर रविवारी बाळूदादांच्या घरी मलम घेऊन जायचात ना, ते तुमच्यानंतर भाभींनी चालू ठेवलं. महिन्यातून एकदा, कधी फळं, कधी अंडी. खालापूरच्या अलीकडे त्यांच्या गावी रिक्षाने जायच्या, अंगणातच पिशवी द्यायच्या आणि त्याच रिक्षाने परत. पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. बाळूदादांची बायको, सुमनवहिनी, मला म्हणाली, "आमी काय बोललो का त्यांना कधी? वर बगत पन नाय."

त्या कांद्याच्या टोपलीपाशी बसून मी भाभींना सगळं सांगितलं, माझ्या पानासकट, टपरीवरच्या वाक्यासकट. वाटलं होतं, उठून जायला सांगतील. त्यांनी टोपलीतला एक कांदा उचलून परत ठेवला. मग विचारलं, "म्हणजे त्यांनी कुणाचा हात नाही भाजला?"

"नाही, भाभी."

"पक्कं?"

"पक्कं. मी छापून बघितलंय."

पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तू आधी जेव." मी जेवले. ज्यांच्या नवऱ्यावर मी आळ घेतला होता, त्या भाभी मला वाढत होत्या. 

काल रविवार होता. भाभी म्हणाल्या, रिक्षा नको, तुझ्या गाडीवरून ने. अंगणात उतरल्या, पिशवी मलाच धरायला दिली आणि सरळ घरात गेल्या. सुमनवहिनी गडबडली, चटई शोधायला लागली. भाभी खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "चहा टाक. साखर बेताची घाल." मग बाळूदादांचा हात ओढून उजेडात धरला, उलटासुलटा बघितला आणि जे ओरडल्या! तेल का लावत नाही, उन्हात झाकत का नाही, म्हातारपणी दुखेल तेव्हा कळेल! बाळूदादा शाळेतल्या पोरासारखे "व्हय भाभी, व्हय भाभी" करत होते आणि सुमनवहिनी तोंडाला पदर लावून हसत होती.

चहा पिता पिता भाभी बोलायला लागल्या. तुम्ही चष्मा कुठेही विसरायचात. पावसात छत्री असून भिजून यायचात. लग्नात मौलवींनी नाव विचारलं तेव्हा घाबरून वडलांचं सांगितलंत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! तासभर बसलो. निघताना गाडीवर मागे बसून त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "वर्षभरात पहिल्यांदा मी कुणाच्या घरात त्यांचं नाव मोठ्याने घेतलं गं."

म्हणून आज लिहायला बसले, नझीरभाई. आता तुम्हाला एक शब्द देते. पुढच्या महिन्यात आपला प्रोग्रॅम खोपोलीच्या एका नव्या कारखान्यात लागणार आहे. ऑपरेटरना शिकवायला मीच उभी राहणार आहे. पहिल्या दिवशी, बाकी काही सांगण्याआधी, ही गोष्ट सांगेन. पायरी कशी गेली, कुणाचा हात भाजला आणि ते पान कुणी लिहिलं होतं. माझं नाव घेऊन सांगेन. मग तुमचं घेईन: हा पार्सर नझीरभाईंनी लिहिलाय आणि त्याने कुणालाही कधी इजा केलेली नाही. जिथे जिथे हा प्रोग्रॅम जाईल तिथे हेच. तुम्ही माझं नाव झाकलंत, ते मी आता उघडं केलंय. तुमचं झाकलेलं राहू देणार नाही.

आणि त्या टपरीवरच्या बोलण्याबद्दल, चुकलं माझं.

तुमची,
मनीषा
शिळफाटा, खोपोली